मुंबईहून न्यूअर्क : प्रीमियम इकॉनॉमी की बिझनेस?
सुट्टी संपवून अमेरिकेतल्या घरी परतायचं, तर मुंबईहून न्यूअर्कचं थेट विमान पंधरा तासांहून जास्त घेतं. बिझनेसचं मोल इथेच कळतं. सीटचा सपाट पलंग होतो, मुख्य म्हणजे कुशीवर वळता येतं. प्रीमियम इकॉनॉमीत पाय ऐसपैस राहतात, पाठही बरीच रेलते, पण झोप बसूनच. आईवडील सोबत असतील, पाय सुजत असतील, तर मी डोळे झाकून बिझनेस घेईन. लाउंज नसला तरी चालतो.

इमिग्रेशनच्या रांगेसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल, तर 2025पासून मुंबईतही सरकारच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत मोफत नोंदणी करून ई-गेटमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या फाटकातून, जाता येतं.

लंडनचं दिवसाचं विमान असेल तर प्रीमियम इकॉनॉमी पुरे.