एकच पुस्तक सर्वांना, की ज्याचे त्याला? डिस्ट्रिक्टसाठी ईएलए कार्यक्रम निवडताना

अमेरिकेतील पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत, काही वर्षांनी इंग्लिश लँग्वेज आर्ट्सचा (ईएलएचा, म्हणजे इंग्रजी वाचन-लेखनाचा) कार्यक्रम बदलण्याची वेळ येते आणि निवड समितीपुढे नमुना-पुस्तकांचे खोके येऊन पडतात. न्यू जर्सीतील ज्या डिस्ट्रिक्टमध्ये मी चौथीला शिकवतो, तिथल्या समितीवर मी एक पूर्ण वर्ष काम केले. त्याआधी आठ वर्षे मी एका पद्धतीने शिकवले होते आणि आता तीन वर्षे दुसऱ्या पद्धतीने शिकवतो आहे. शिक्षक म्हणून, पालकांचे प्रतिनिधी म्हणून किंवा स्कूल बोर्डाचे सदस्य म्हणून अशा समित्यांवर बसणारे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहितो.

निवड साधारणपणे दोन प्रकारांमध्ये असते. पहिला प्रकार रीडिंग वर्कशॉपचा. त्यात शिक्षक दहा मिनिटांत एखादे वाचन-कौशल्य शिकवतो आणि मग प्रत्येक मूल आपल्या लेव्हलचे, आपल्या आवडीचे पुस्तक घेऊन वाचत बसते. दुसऱ्या प्रकारात सगळा वर्ग, किंबहुना डिस्ट्रिक्टमधील त्या इयत्तेचे सगळे वर्ग, सहा ते आठ आठवडे एका विषयावरची तीच पुस्तके वाचतात, त्यांवर बोलतात आणि त्यांवरच लिहितात.

फोनिक्सचा वाद, म्हणजे मुलांना अक्षर-ध्वनी जोडून वाचायला शिकवावे की चित्र आणि संदर्भ यांवरून शब्द ओळखायला, हा वाद मी इथे फार लांबवणार नाही. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते क्रमाने शिकवावे, हे नॅशनल रीडिंग पॅनेल या अमेरिकेतील तज्ज्ञ समितीच्या अहवालाने २००० सालीच सांगितले होते. मिसिसिपी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ते मनावर घेतले आणि २०१९ पर्यंत तिथल्या चौथीची मुले वाचनात राष्ट्रीय सरासरीपर्यंत पोहोचली. क, का, कि, की म्हणत बाराखडीतून वाचायला शिकलेल्या आपल्यासारख्यांना तर 'चित्र पाहा आणि शब्द काय असेल ते ओळखा' ही सूचना कधी पटलीच नसती. सुदैवाने दोन्ही प्रकारांच्या बऱ्याच नव्या आवृत्त्यांमध्ये आता फोनिक्स असते, किंवा ते वेगळे जोडून घेता येते. तेव्हा पहिली-दुसरीचे साहित्य जरूर तपासा, परंतु समितीचा सगळा वेळ त्यात घालवू नका. खरा फरक तिसरीपासून पुढे दिसू लागतो.

वर्कशॉपबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. त्या आठ वर्षांत माझ्या वर्गातले ग्रंथालय हजाराच्या पुढे गेले, आणि दुपारच्या शांत अर्ध्या तासात सव्वीस मुले आपापल्या पुस्तकात बुडालेली पाहण्याचे समाधान मी विसरलेलो नाही. लेखनाच्या बाबतीत तर ती पद्धत, माझ्या मते, अजूनही सरस आहे. स्वतःच्या आयुष्यातला लहानसा प्रसंग निवडून तो तीन-तीन वेळा नव्याने लिहिण्याची सवय तिने ज्या प्रेमाने लावली, तशी सवय लावणारे दुसऱ्या प्रकारातले साहित्य माझ्या पाहण्यात आले नाही. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक अनुभवी आहेत, वर्ग लहान आहेत आणि मुलांच्या घरीही पुस्तके आहेत, तिथे वर्कशॉपने चांगले काम केले असेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तरीही माझे मत बदलले ते एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. वर्कशॉपमध्ये मुले वाचत असताना शिक्षक एकेका मुलाजवळ जाऊन पाच मिनिटे बसतो, त्याने काय वाचले ते विचारतो आणि वहीत नोंद करतो. याला कॉन्फरिंग म्हणतात आणि सगळ्या पद्धतीचा डोलारा यावरच उभा असतो. अडचण अशी, की सव्वीस मुलांच्या हातात सव्वीस पुस्तके असतात आणि त्यांतली बहुतेक शिक्षकाने वाचलेली नसतात. एका वर्षी एका मुलाने मला आपल्या पुस्तकातली गोष्ट सांगितली: कुत्रा नदीत वाहून जातो, मालक स्वतःला दोष देतो, आणि म्हणून तो पुढे कोणाशी नीट बोलत नाही. पात्राच्या वागण्यामागचे कारण इतक्या नेमकेपणाने सांगितल्याबद्दल मी त्याचे कौतुक केले आणि वहीत 'अनुमान उत्तम' असे लिहिले. पुढे नाताळच्या सुट्टीत ते पुस्तक मी घरी नेऊन वाचले. कुत्रा शेवटपर्यंत जिवंत होता. त्या मुलाला दुसऱ्या पानापासूनच काही समजत नव्हते. चित्रे आणि मलपृष्ठावरचा मजकूर यांवरून त्याने गोष्ट रचली होती, आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी त्याच्या शेजारी बसून ती खरी मानली होती.

त्या चार महिन्यांत त्याला मदत मिळायला हवी होती. मी वहीची मागची पाने काढून पाहिली, तेव्हा ज्यांच्याबद्दल मी असेच काही लिहिले होते आणि ज्यांची पुस्तके मी वाचलेली नव्हती, अशी नऊ मुले निघाली. हे मोजमाप नव्हे, याची मला जाणीव आहे. माझ्यापेक्षा अधिक वाचन असलेल्या शिक्षकाच्या हातून असे कदाचित होणारही नाही. परंतु डिस्ट्रिक्टची निवड करताना एका उत्तम शिक्षकाचा नव्हे, तर चाळीस वेगवेगळ्या शिक्षकांचा विचार करावा लागतो, आणि त्यांतले काही पहिल्याच वर्षी वर्गावर उभे राहिलेले असतात.

सर्वांसमोर एकच पुस्तक असले, की ही अडचण मुळातच उरत नाही. शिक्षकाने पुस्तक वाचलेले असते, शेजारच्या मुलानेही वाचलेले असते, आणि कोणी चुकीचे सांगितले तर मागच्या बाकावरून हात वर होतो. गेल्या वर्षी अमेरिकन क्रांतीच्या युनिटमध्ये, म्हणजे सहा-आठ आठवडे चालणाऱ्या त्या विषयात, आम्ही बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांचा मुलगा विल्यम यांच्याबद्दल वाचले. बाप क्रांतीच्या बाजूने आणि मुलगा न्यू जर्सीचा ब्रिटिश गव्हर्नर म्हणून राजाशी एकनिष्ठ, ही गोष्ट आमच्या मुलांना फार जवळची वाटली, कारण ती त्यांच्याच राज्यात घडली होती. शाळा सुटताना बसच्या रांगेत दोन मुली वाद घालत होत्या. एकीचे म्हणणे, विल्यमने शपथ घेतली होती, मग ती मोडायची कशी? दुसरीचे म्हणणे, वडिलांपेक्षा राजा मोठा कसा? त्यांतली एक ऑगस्टमध्ये नाशिकहून आली होती आणि ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या, तासाला बसत होती. जुन्या पद्धतीत तिच्या हाती तिच्या लेव्हलचे, दुसऱ्या इयत्तेच्या मुलांचे पातळ पुस्तक आले असते आणि त्या वादात तिला जागाच मिळाली नसती.

विषयाची माहिती वाचनाला किती आधार देते, याचा एक जुना प्रयोग समितीत जरूर सांगावा. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रेच्ट आणि लेस्ली यांनी ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही: 'नाइट वॉचमन'चा अर्थ ज्याला ठाऊक नाही, त्याला 'मुख्य कल्पना शोधा' हे कौशल्य कितीही घोटून दिले तरी बातमी कळत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीची ४० टक्के मुले वाचनाच्या 'बेसिक', म्हणजे किमान, पातळीखाली राहिली, त्यामागे हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही, परंतु हेही एक कारण असावे असे मला वाटते.

दुसऱ्या प्रकारातही दोष आहेत आणि ते खरेदीपूर्वीच पाहिलेले बरे. पाठ लांब असतात, शिक्षकाने काय बोलावे हे वाक्यावाक्याने लिहून दिलेले असते, आणि पेसिंग गाईड, म्हणजे कोणता पाठ कधी घ्यायचा याचे वेळापत्रक, तंतोतंत पाळायचे ठरवले तर एखाद्या चांगल्या प्रश्नावर थांबायलाही फुरसत मिळत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे फार झाले. समान पाठ्यपुस्तकाचे गुणदोष आपल्याला माहीत आहेत. १९६७ मध्ये बालभारती सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतल्या पिढ्या त्याच कविता म्हणत मोठ्या झाल्या आणि ती शिदोरी आयुष्यभर पुरते. पण त्याच पुस्तकाचे गाईड आणून तयार उत्तरे पाठ करण्याची सवयही त्याच वर्गांत लागली. पुस्तक एक असले, तरी उत्तर एकच असता कामा नये.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा, तो म्हणजे समान पुस्तकाच्या प्रकारातही काही कार्यक्रम पूर्ण पुस्तके देतात आणि काही एका जाड संग्रहात उतारे बांधून देतात. न्यू यॉर्क शहराने २०२३ पासून आपल्या ३२ डिस्ट्रिक्टना तीन मान्य कार्यक्रमांतून एक निवडायला सांगितले. त्यांपैकी विट अँड विज्डम आणि ईएल एज्युकेशन हे पूर्ण पुस्तकांवर आधारलेले होते, तरी बहुतेक डिस्ट्रिक्टनी संग्रहाच्या वळणाचा इंटू रीडिंग घेतला. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. संग्रह हाताळायला सोपा असतो आणि नव्या शिक्षकाला त्यात लवकर रुळता येते. माझा कल मात्र पूर्ण पुस्तकांकडेच राहील, कारण उताऱ्यातले पात्र चार पानांत संपते आणि मुलांना त्याच्याशी भांडायला वेळच मिळत नाही.

आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये निर्णय व्हायचा असेल, तर विक्रेत्याचे सादरीकरण पाहण्याआधी चौथीच्या एका युनिटमधली सगळी पुस्तके घरी आणून स्वतः वाचावीत, आणि प्रायोगिक वर्ग निवडताना इंग्रजी नव्याने शिकणारी मुले जिथे सर्वाधिक आहेत त्या शाळेतला एक वर्ग आग्रहाने त्यात घ्यावा. वर्कशॉपचा लेखनाचा भाग शक्य असल्यास वेगळा राखावा. आम्ही तो आठवड्यातून दोन दिवस राखला आहे. वर्गातले ग्रंथालयही मोडू नये. माझी ती हजारावर पुस्तके अजून त्याच खिडकीखाली आहेत आणि जेवणानंतरचा अर्धा तास त्यांचाच आहे. फक्त त्या अर्ध्या तासावरून मी आता कोणाच्या वाचनाबद्दल वहीत काही लिहीत नाही.