अणुसंहाराचे चित्र: स्फोट रंगवावा की स्फोटाआधीचे मिनिट?

मुंबईच्या कलाशाळेत शिकणाऱ्या किंवा काळा घोडा परिसरातील एखाद्या दालनासाठी काम करणाऱ्या चित्रकाराने अणुसंहाराचा विषय घेतला, की रंगांच्याही आधी त्याला कोणता क्षण रंगवायचा हे ठरवावे लागते. प्रत्यक्ष स्फोट, त्यानंतरचा विध्वंस किंवा स्फोटाआधीचे एखादे मिनिट, असे तीन मार्ग त्याच्यापुढे असतात. बघणाऱ्याचा श्वास रोखला जावा असा हेतू असेल, तर माझा कौल तिसऱ्या मार्गाला आहे.

छत्रीसारखा ढग ओळखायला सोपा असतो आणि तीच त्याची अडचण आहे. हिरोशिमाच्या ढगाचे सर्वाधिक परिचित छायाचित्र विमानातून टिपलेले आहे, त्यामुळे तो ढग तसाच रंगवणारा चित्रकार नकळत बॉम्ब टाकणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतो. शिवाय मधोमध उभ्या असलेल्या त्या खांबावर नजर एकदा स्थिरावली, की पुढे काय होणार हा प्रश्नच उरत नाही.

विध्वंसानंतरच्या चित्रांत इरी आणि तोशी मारुकी या जपानी चित्रकार दांपत्याने १९५० ते १९८२ या काळात साकारलेले पंधरा भव्य फलक फार मोलाचे आहेत. स्फोटानंतर काही दिवसांतच ते दोघे हिरोशिमात पोचले होते आणि त्या फलकांमागे डोळ्यांनी पाहिलेले दुःख आहे. ते आपण उसने आणू नये, असे मला मनापासून वाटते.

राहिले आधीचे मिनिट. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर स्फोट झाला. एका बँकेच्या दगडी पायरीवर बसलेल्या व्यक्तीची सावलीसारखी काळी खूण तेवढी मागे राहिली आणि ती पायरी आज तेथील संग्रहालयात जपलेली आहे. ही सावलीच रचनेची किल्ली ठरू शकते. दादरच्या फुलबाजाराबाहेरची सकाळ घ्या. ऊन कोवळे असल्यामुळे हारवाल्या बाईची, हमालाची, दिव्याच्या खांबाची सावली एकाच दिशेला लांबच लांब पसरली आहे. त्यात झेंडूच्या एकाच पाटीची सावली उलट दिशेला, आखूड आणि सुरीसारख्या कडेची काढावी, जणू अजून न झालेल्या स्फोटाच्या प्रकाशाने ती आधीच पडली आहे. तिचे माप अंदाजाने घेऊ नये: स्फोटाच्या थेट खालच्या जागेपासून ६०० मीटरवर वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी पडते, तर ३०० मीटरवर निम्मी. तो प्रकाश शहराच्या कोणत्या भागावरून येतो आहे हे त्यामुळे चित्रकाराला नेमके ठाऊक असते, आणि बघणारा मात्र ते शोधत राहतो. मी रेखाटून पाहिले तेव्हा अशा तीन सावल्या काढल्या होत्या आणि चित्राचे कोडे झाले, एकच पुरते.

मुंबईकराला अणू म्हटले की ट्रॉम्बे आठवते. तरीही अणुभट्टीचा घुमट या चित्रात आणू नये, कारण अणुभट्टीचा अपघात कितीही भीषण असला तरी तिचा बॉम्बसारखा अणुस्फोट होत नाही आणि विषय भलतीकडेच वळतो.

माध्यमाची निवड याच निर्णयातून होते. स्फोटाच्या ज्वाळा आणि धूर थरांवर थर चढवून रंगवायचे असतील, तर अॅक्रिलिक आणि कॅनव्हास सोयीचे पडतात. आधीच्या मिनिटासाठी मी कोळसा आणि जाड पांढरा कागद घेईन, कारण येणारा प्रकाश रंगवावा लागत नाही, कागद कोरा सोडला की तो आपोआप उरतो. मात्र पावसाळ्यात मुंबईच्या हवेत कागद फुगतो आणि त्याला बुरशीही लागते. म्हणून तो आधी फळीवर ताणून घ्यावा, काम संपताच फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळसा कागदावर पक्का बसवणाऱ्या द्रावाचे, दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि काचेला चिकटणार नाही एवढी फट ठेवून चौकट करावी. घासलेल्या बोटाचा एक डाग जरी त्या कोऱ्या जागेवर पडला, तरी प्रकाश तिथेच मरतो.