स्लर्मचा रिव्ह्यू: जे लिहाल तेच खरं धरणारं सॉफ्टवेअर

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर (त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड), काम करणाऱ्याला आज ना उद्या स्लर्मशी जुळवून घ्यावंच लागतं. कुणाचं काम, म्हणजे जॉब, कधी आणि कुठल्या नोडवर चालवायचं ते ठरवणारं हे शेड्युलर सॉफ्टवेअर, आणि नवीन आलेली मंडळी बहुतेक वेळा एकतर कुणाचीतरी जुनी स्क्रिप्ट उचलून वर्षानुवर्षं तीच चालवतात, नाहीतर दोन-चार जॉब मेले की वैतागून सगळं लॉगिन नोडवरच, म्हणजे क्लस्टरमध्ये शिरताना जिथे आपण आधी पोचतो त्या मशीनवरच, रन करायला लागतात. हे दुसरं तर प्लीज करू नका, तो नोड सगळ्यांचा असतो, एकाने तिथे जड प्रोग्राम सोडला की बाकीच्यांना साधी फाइल उघडायला पण वेळ लागतो. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. मी ॲडमिन नाही, टर्मिनलवरून जॉब टाकणारा वापरकर्ता आहे, त्यामुळे इन्स्टॉल करणं, मेंटेन करणं यावर मी काही बोलणार नाही.

आधी मत सांगतो: पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

थोडी ओळख. हे सुरू झालं अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर नॅशनल लॅबोरेटरीत, मग २०१० मध्ये मूळ डेव्हलपरपैकी दोघांनी स्केडएमडी नावाची कंपनी काढली आणि पुढचं काम तिथून होत राहिलं. कोड जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली खुला आहे. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबचा फ्रंटियर सुपरकॉम्प्युटर काय किंवा फिनलंडमधला लुमी काय, इतक्या मोठ्या मशीन्स यावर चालतात, आणि चार नोडच्या छोट्या क्लस्टरवर पण हेच. म्हणजे एकदा शिकलात की पुढे कुठेही गेलात तरी कामाला येतं, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

वापरायला तसं सोपं आहे. एक शेल स्क्रिप्ट लिहायची, वरती हॅशने सुरू होणाऱ्या एसबॅचच्या ओळींमध्ये काय काय पाहिजे ते सांगायचं, म्हणजे किती कोर, किती मेमरी, किती वेळ, कुठलं पार्टिशन (म्हणजे नोडचा कुठला गट), आणि एसबॅच कमांडला ती स्क्रिप्ट द्यायची. लगेच जॉबचा नंबर मिळतो आणि तुम्ही लॅपटॉप बंद करून जाऊ शकता. एसक्यूने रांग बघायची, एसकॅन्सलने जॉब काढायचा, एसइन्फोने कुठले नोड मोकळे आहेत ते बघायचं. रोजचं काम या चारांवर भागतं. आणखी एक लक्षात ठेवा, सबमिट करताना स्लर्म स्क्रिप्टची कॉपी स्वतःकडे ठेवून घेतं, त्यामुळे नंतर स्क्रिप्ट बदललीत तरी रांगेतल्या जॉबला फरक पडत नाही. पण ती स्क्रिप्ट जो पायथनचा वगैरे प्रोग्राम चालवते तो मात्र जॉब सुरू होईल तेव्हाच डिस्कवरून वाचला जातो, म्हणून जॉब रांगेत असताना कोडमध्ये हात घालत असाल तर जपून.

आता मुद्द्याची गोष्ट. स्लर्म तुमचं म्हणणं शब्दशः घेतं, उलट प्रश्न विचारत नाही. वेळेचंच बघा. टाइमसमोर नुसतं १० लिहिलं तर ती १० मिनिटं. २:३० लिहिलं तर बघणाऱ्याला वाटतं अडीच तास, पण स्लर्मसाठी ती २ मिनिटं ३० सेकंद, फार तर वर ढकलून ३ मिनिटं धरेल. अडीच तास हवे असतील तर २:३०:०० लिहावं लागतं, आणि दिवस हवे असतील तर दिवसाच्या आकड्यापुढे डॅश देऊन तास. मेमरीचं पण तसंच, एकक न देता १६ लिहिलं की १६ मेगाबाइट, जीबी पाहिजे तर मागे जी लावा.

आणि इथेच माझा तो अर्धा मार्क गेला. एसबॅचच्या ओळी स्क्रिप्टमध्ये पहिली खरी कमांड येण्याआधीच असल्या पाहिजेत, कुणी मधे मॉड्यूल (म्हणजे क्लस्टरवर आधीच ठेवलेलं सॉफ्टवेअर) लोड करायची ओळ टाकली आणि त्याखाली मेमरीची मागणी लिहिली तर ती साधी कॉमेंट समजून सोडून दिली जाते, ना एरर ना वॉर्निंग, जॉब डिफॉल्ट मेमरी घेऊन सुरू होतो आणि मध्येच मरतो आणि माणूस आपला कोड तपासत बसतो. दुसरं म्हणजे आउटपुट लिहायला जो फोल्डर दिलाय तोच नसेल तर स्लर्म तो बनवत नाही, जॉब फेल होतो, आणि लॉग कुठे लिहिणार, फोल्डरच नाही, त्यामुळे का मेला ते सांगायला काहीच मागे राहत नाही. इतकं तयार झालेलं सॉफ्टवेअर आहे, सबमिट करतानाच एवढं तपासून एक ओळ छापली असती तर किती जणांचा दिवस वाचला असता. याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण नवीन पोरं इथेच घाबरतात आणि स्वतःलाच दोष देत बसतात.

पण शब्दशः घेण्याचा हाच स्वभाव रांगेच्या बाबतीत तुमच्या फायद्याचा आहे. बऱ्याच जणांची तक्रार असते की जॉब तासन् तास पेंडिंगमध्ये अडकून पडतो. गर्दी असतेच, नाही म्हणत नाही, पण बऱ्याचदा आपण वेळ फुगवून मागितलेली असते. हे का नडतं ते सांगतो. समजा रांगेत सगळ्यात पुढच्या जॉबला ५० नोड हवेत आणि आत्ता ३० मोकळे आहेत, बाकीचे ४ तासांनी सुटणार. ते ३० नोड तोपर्यंत रिकामे ठेवण्याऐवजी शेड्युलर मागच्यांमध्ये असे जॉब शोधतो जे या ४ तासांत नक्की आटपतील, आणि त्यांना आत घेतो. याला बॅकफिल म्हणतात. आता तुमचा जॉब खरं तर ३ तासांचा, पण तुम्ही कशाला रिस्क म्हणून ३ दिवस लिहिलेत, तर शेड्युलरला तो ३ दिवसांचाच दिसणार आणि समोर रिकामे नोड असून तुम्ही बाहेर. ३ दिवसांच्या जागी साडेतीन तास लिहिले असते तर लगेच आत गेला असता. थोडी जागा सोडून खरा वेळ लिहा, एवढंच करायचं, याच्यापेक्षा मोठी युक्ती मला तरी माहीत नाही.

जॉब का थांबलाय ते एसक्यूच्या शेवटच्या कॉलममध्ये असतं. तिथे रिसोर्सेस दिसलं तर तुमचा नंबर जवळ आलाय, फक्त नोड सुटायची वाट आहे. प्रायॉरिटी दिसलं तर पुढे दुसरे लोक आहेत. क्यूओएस किंवा असोसिएशनच्या लिमिटबद्दल काही असेल तर तुम्हाला किंवा तुमच्या ग्रुपला ठरवून दिलेली मर्यादा भरली, तिथे नोड रिकामे असून उपयोग नाही. एसक्यूला स्टार्ट पर्याय दिला तर अंदाजे सुरू व्हायची वेळ पण दाखवतं, पण ती सगळ्यांनी मागितलेल्या वेळेवर काढलेली असते, म्हणून सारखी पुढेमागे होते, फार विसंबू नका.

मग खरा वेळ आणि खरी मेमरी कळणार कशी? त्यासाठी एसॲक्ट. संपलेल्या जॉबचा सगळा हिशोब त्यात मिळतो, किती वेळ चालला, किती मेमरी मागितली आणि जास्तीत जास्त किती वापरली. ती वापरलेली मेमरी मुख्य जॉबच्या ओळीत दिसत नाही, तिथे रिकामं असतं, खालच्या बॅच नावाच्या स्टेपच्या (म्हणजे जॉबच्या टप्प्याच्या) ओळीत बघायचं, हे कुणी सांगितलं नाही तर सापडत नाही. आणि हे माप ठराविक अंतराने घेतलं जातं, सेटिंग बदललं नसेल तर दर ३० सेकंदांनी, त्यामुळे मेमरी क्षणभर वर गेलेली निसटू शकते, आकड्याला अगदी चिकटून मागू नका. काही ठिकाणी सेफ नावाची छोटी स्क्रिप्ट टाकलेली असते, ती जॉबचा नंबर दिला की सीपीयू आणि मेमरी किती टक्के कामी आली ते सरळ सांगते. ३२ कोर मागून त्यातला एकच राबत असेल तर तिथे लगेच उघडं पडतं.

कोरवरून आठवलं, टास्क आणि टास्कमागे कोर यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. एमपीआयसारखे (म्हणजे एकमेकांना निरोप देत एकत्र चालणारे) अनेक प्रोसेस हवे असतील तर टास्क वाढवा. एकच प्रोग्राम आतून थ्रेड वापरत असेल तर टास्क एक ठेवा आणि त्याला कोर जास्त द्या. नुसते टास्क ८ लिहिले म्हणून तुमचा प्रोग्राम ८ वेळा चालणार नाही, बॅच स्क्रिप्ट एकदाच चालते, त्यात प्रोग्रामच्या आधी एसरन कमांड लावली तरच ते टास्क सुरू होतात. २२.०५ आवृत्तीपासून तर असं केलंय की एसबॅचला दिलेले टास्कमागचे कोर एसरन आपोआप घेत नाही, त्याला परत सांगावं लागतं. कारणं असतील त्यांची, पण जुन्या स्क्रिप्ट गुपचूप हळू चालायला लागतात तेव्हा हे कुणाच्या डोक्यात येणार?

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जॉब ॲरे. एकच काम ५०० फाइलींवर करायचं असेल तर ५०० वेळा एसबॅच मारणारे लोक मी बघितलेत, किंवा फॉर लूप लावून शेड्युलरवर धाड टाकणारे. ॲरेमध्ये १-५०० लिहा, पुढे टक्क्याचं चिन्ह देऊन २० लिहिलं की एका वेळी २० च चालतील, आणि प्रत्येकाला आपला नंबर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मिळतो, त्यावरून आपली फाइल उचलायची. रद्द करायचं तर सगळं एका नंबरने, किंवा त्यातला एखादाच. डिफॉल्ट सेटिंगमध्ये ॲरेचा नंबर १००० पर्यंतच जातो, ॲडमिनने वाढवला असेल तर पुढे.

त्याला डिपेंडन्सी जोडली की मजा येते. पहिला जॉब नीट संपला तरच दुसरा सुरू, असं आफ्टरओकेने सांगता येतं, म्हणजे डेटा साफ करणं, मग मोठं गणित, मग निकाल गोळा करणं हे सगळं रात्री एकदाच टाकून झोपा. एसबॅचला पार्सेबल पर्याय दिला की नुसता नंबर छापतं, तो व्हेरिएबलमध्ये धरून पुढच्या जॉबला द्यायचा. फक्त पहिला फेल झाला तर मागचे बऱ्याच क्लस्टरवर आपोआप निघत नाहीत, अट कधीच पूर्ण होणार नाही असं कारण दाखवत रांगेत तसेच पडून राहतात, ते हाताने काढा.

लांब चालणाऱ्या कामांसाठी एक सांगतो. वेळ संपली की स्लर्म आधी टर्म सिग्नल देतं, म्हणजे आवरायला सांगतं, आणि मग किल, म्हणजे सरळ मारून टाकतं, मध्ये डिफॉल्ट ३० सेकंद. मोठी फाइल सेव्ह करायला ते पुरत नाहीत. सिग्नल पर्यायात तुम्ही सिग्नलचं नाव आणि पुढे ॲटचं चिन्ह देऊन ३०० लिहिलं तर वेळ संपायच्या साधारण ५ मिनिटं आधी सूचना येते, प्रोग्रामने ती पकडून चेकपॉइंट, म्हणजे तोवरचं काम, फाइलमध्ये लिहायचा आणि पुढच्या जॉबने तिथून उचलायचं. सिग्नल बॅचच्या शेललाच हवा असेल तर आधी बी आणि कोलन लावा, नाहीतर तो फक्त एसरनने सुरू केलेल्या स्टेप्सना जातो.

पीबीएस या दुसऱ्या शेड्युलरवरून येणाऱ्यांना फार जड जाणार नाही, क्यूसबच्या जागी एसबॅच आणि क्यूस्टॅटच्या जागी एसक्यू, बाकी विचार तोच. एक सवय मात्र बदलावी लागेल. पीबीएसमध्ये जॉब होम फोल्डरमध्ये सुरू होतो म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला फोल्डर बदलायची ओळ असते, स्लर्म जिथून सबमिट केलंत तिथेच सुरू करतं. शिवाय डिफॉल्टने तुमच्या टर्मिनलमधले सगळे व्हेरिएबल्स पण जॉबमध्ये घेऊन जातं, म्हणून आज चाललेली स्क्रिप्ट उद्या नव्या टर्मिनलमधून टाकली की चालत नाही असं होऊ शकतं. जे मॉड्यूल लागतात ते स्क्रिप्टच्या आतच लोड करा, एसबॅचच्या ओळी संपल्यानंतर.