रोजच्या सायकलसाठी सँडल घेताना दुकानात नुसतं चालून बघू नका

पुण्यात वारजे ते शिवाजीनगर, एका बाजूला दहाएक किलोमीटर, साधी गिअरवाली हायब्रिड सायकल, फ्लॅट पेडल, आणि ऑफिसात पायात काय घातलंय ते बघणारं कोणी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहिणारा कुठे, किती आणि कसली सायकल चालवतो ते माहीत नसेल तर सँडलचा रिव्ह्यू वाचून काही फायदा नसतो. सिंहगडाच्या चढाला दर रविवारी जाणाऱ्यांनी यातलं अर्धं सोडून द्या.

बूट का नाही, हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. अहो, सकाळी कर्वे रोडवर भिजलेला बूट संध्याकाळी ओलाच घालायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी तो आतून अजून दमट, कितीही वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, आणि मग तो वास, आणि आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यात चिखल्या. बुटांवर चढवायची रेनकव्हर मिळतात, पण सायकलवर पाणी वरून कमी आणि पुढच्या चाकावरून, खालून जास्त येतं. म्हणून सँडलच्याही आधी पुढच्या मडगार्डला खाली एक रबरी फ्लॅप लावा, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन भोकं पाडली की झालं, निम्मा चिखल तिथेच थांबतो. उरलेला सँडलवर येतो तो ऑफिसच्या नळाखाली पाय धरला की जातो, नॅपकिनने पुसला, विषय संपला. बुटाचं तसं होत नाही.

आता मुद्द्याचं. सँडल विकणारे आणि घेणारे सगळे चालून बघतात. सायकलवर पाय चालत नाही, पेडलवर टेकतो, आणि तोही फक्त चवड्याखालच्या चार बोटं रुंद पट्ट्यात. चालताना सगळा तळवा जमिनीला लागतो म्हणून मऊ सोल भारी वाटतो, त्यात दुकानदार म्हणतो मेमरी फोम आहे मॅडम, की आपण खूश. पेडलवर तोच मऊ फोम थोड्या महिन्यांत पेडलच्या आकाराचा चेपतो, मग पेडलची कड टोचायला लागते आणि करंगळीकडच्या बोटांना मुंग्या येतात. माझी आधीची एक फ्लोटर, चांगल्या नावाच्या कंपनीची (नाव राहू दे), वरून अगदी नवीन दिसायची आणि खालून चवड्याखाली बरोब्बर पेडलचा ठसा उमटलेला होता, अंगठा फिरवला तर खड्डा लागायचा.

म्हणून दुकानात पहिलं काम हे करा. एका हातात टाच, एका हातात पुढचं टोक धरून सँडल वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकली तर ठीक, मधोमध कमानीत वाकली की परत ठेवून द्या. मग ओला टॉवेल पिळतो तशी पिळून बघा, सहज पिळली गेली तर तीही नको. आतला ईव्हीएचा, म्हणजे फोमचा, थर हाताला थोडा दाट, जवळपास कडक लागला पाहिजे, आणि खाली खरं रबर पाहिजे. नुसता फोमचा तळ असला की मेटल पेडलचे खिळे तो कुरतडून काढतात. ट्रेकिंगच्या सँडलला खालून खोल खाचा असतात, दिसायला दणकट, पण पेडलचे खिळे खाचेत अडकतात आणि पाय एकाच कोनात बसून राहतो, थोडा आतबाहेर सरकवायला जमत नाही. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी हे नक्की बघा. उथळ नक्षीचा तळ बरा.

मागे पट्टा पाहिजेच, यावर चर्चा नको. चप्पल किंवा क्रॉक्स घालून लोक चालवतात, मलाही रोज दिसतात, कोपऱ्यावरून दूध आणायला ठीक आहे. पण सिग्नल सुटल्यावर जोर लावला की टाच उचलली जाते आणि पाय चप्पल सुटू नये म्हणून बोटांनी ती पकडून ठेवायचं काम करत बसतो. दहा किलोमीटर बोटं आवळून बसलात तर पोटऱ्या दुखणारच, मग लोक म्हणतात सायकलने पाय दुखतात. क्रॉक्सचा पट्टा टाचेमागे घेता येतो पण तो ढिलाच असतो.

कोल्हापुरीचं पण सांगते, कारण ऑफिसातल्या एका काकांनी मला तोच सल्ला दिला होता, अस्सल चामडं, पायाला सुख. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाचाच माल असल्याचं सरकारी मानांकन, मिळालं, आणि मला ती आवडते, लग्नकार्याला तीच घालते. पण मागे पट्टा नाही, चामड्याचा तळ ओल्या पेडलवरून सटकतो आणि पावसात भिजली की फुगते, जड होते, नंतर कपाटात बुरशी. नोव्हेंबरमध्ये घाला, चतुःशृंगीपर्यंत जा आणि या, ऑफिसला नको.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितली नाही. पट्ट्याचं मोकळं टोक कुठल्या बाजूला येतं ते बघा. बाहेरच्या बाजूला आलं तर काही नाही. आतल्या बाजूला आलं तर उजव्या पायाचं टोक चेनकडे जातं, आणि चेनकव्हर नसलेल्या सायकलवर ते एकदा तरी खेचलं जाणार. तसंच सोलची रुंदी. काही सँडलचा सोल टाचेशी दोन्ही बाजूंना बाहेर पसरलेला असतो, चालताना स्थिर वाटावं म्हणून, आणि पेडल मारताना तो आतून क्रँकला, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर असतं त्याला, घासतो, प्रत्येक फेऱ्याला टक टक. आणि पुढचं टोक फार लांब असेल तर छोट्या फ्रेमच्या सायकलवर हळू वळताना अंगठ्याकडचा भाग मडगार्डला लागतो. उंची कमी असणाऱ्यांना, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच बायकांना, हे होतंच.

यासाठी मी सरळ सायकल घेऊन दुकानात गेले. लक्ष्मी रोडच्या बाजूचं दुकान, सायकल बाहेर स्टँडवर लावली, सँडल पायात घालून पायरी उतरले तर सेल्समन मागे धावत, मॅडम बाहेर नाही, बाहेर नाही. त्याला म्हटलं रस्त्यावर चालवत नाहीये, तळ खराब होणार नाही, तू हँडल धर. त्याने धरलं बिचाऱ्याने. मी सीटवर बसून पेडल उलटं फिरवलं, उजवा पाय, डावा पाय, आणि एका जोडीचा टाचेचा सोल लगेच क्रँकला लागला, ती बाद. दुसरीचं वेल्क्रोचं टोक आत येत होतं, ती बाद. तिसरी ठीक निघाली. पाच मिनिटांचं काम. नंतर तो पोरगाच म्हणाला की मॅडम माझी पण अशीच घासते, मला वाटायचं सायकलच खराब आहे.

जी घेतली तिचं मॉडेल लिहीत नाही कारण आपल्याकडे तेच मॉडेल पुढच्या वर्षी दुकानात सापडत नाही, प्रकार सांगते. बोटांपुढे रबराची कॅप असलेली, पॉलिस्टरच्या पट्ट्यांची, लेसऐवजी इलॅस्टिक दोरी आणि दाबायची खिट्टी. या प्रकाराचं मूळ रूप म्हणजे कीनची न्यूपोर्ट, २००३ ची. त्याआधीच्या उघड्या, पट्ट्यावाल्या स्पोर्ट सँडलची सुरुवात टेव्हाने केली, १९८४ मध्ये, ग्रँड कॅन्यनमधल्या मार्क थॅचर नावाच्या राफ्टिंग गाइडने. म्हणजे दोन्ही प्रकार मुळात पाण्यातल्या लोकांसाठी, आणि जुलैमधला आपला रस्ता बघता ते आपल्यालाही चालायला हरकत नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद, मग सगळं ट्रॅफिक वर येतं आणि आपण डबक्यात एक पाय टेकून उभे. तिथे कॅपचा खरा फायदा कळतो, कारण पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि फुटका पेव्हर ब्लॉक अंगठ्याला लागण्याआधी रबराला लागतो. शेजारच्या स्कूटरचं स्टँड पण. तोटा असा की कॅपवाल्या कुठल्याही सँडलमध्ये बारीक खडी आत गेली की समोरून बाहेर पडत नाही, पाय काढून झटकावी लागते, उघड्या सँडलमध्ये नुसता पाय हलवला की निघते. उन्हाळ्यात उघडी जास्त बरी वाटते हेही खरं. मी पावसाळ्याच्या बाजूने मत देते.

वेल्क्रोचं वाईट बोलायचं नाही मला, पण चिखलाने त्याचे आकडे भरले की पट्टा भर चौकात सुटतो. जुन्या टूथब्रशने घासा, सेफ्टी पिनने केस आणि धागे उपटा, पुन्हा महिनाभर चालतं. पूर्ण गेलं तर नवीन सँडल घेऊ नका, चप्पल शिवणाऱ्या काकांकडे द्या, अगदी थोड्या पैशात नवीन वेल्क्रो शिवून देतात आणि कंपनीपेक्षा पक्कं शिवतात. बकल जास्त टिकतं पण ओल्या बोटांनी उघडायला वैताग.

सेलमध्ये घेताना एक सांभाळा. पीयू सोलची सँडल वापरा किंवा नका वापरू, दमट हवेत ती आतल्या आत खराब होत असते, पॉलियुरेथेन आणि पाण्याची हळूहळू रिअॅक्शन होते आणि एक दिवस सोलचा भुगा. कपाटात जपून ठेवलेले बूट लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये तुटले हे प्रत्येकाच्या घरात एकदा झालेलं असतं, ते हेच. त्यामुळे निम्म्या किमतीत दिसली तर खोक्यावरचा उत्पादनाचा महिना बघा, दोन-तीन वर्षं जुना स्टॉक असेल तर स्वस्त कशाला आहे ते कळेल.

क्लीटवाल्या, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा लावलेल्या, सँडल पण असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शिमानोची एसडी ५ आहे, तीन वेल्क्रो पट्टे आणि खाली एसपीडीचं (शिमानोचीच पेडलला पाय अडकवायची पद्धत) दोन बोल्टवालं क्लीट बसतं, कीननेही कम्युटर नावाची काढली होती, तिला बोटांपुढे कॅप. भावाने अमेरिकेहून आणलेली घालून मी चालवून बघितली आहे. सोल कडक असल्याने चवडा दुखण्याचा प्रश्नच मिटतो, मोकळ्या रस्त्यावर मजा येते, लांबच्या टूरला मी डोळे झाकून हीच घेईन. पण किंमत शंभर डॉलरच्या पुढे, आणि नळस्टॉप ते डेक्कन जिथे दर वीस पावलांवर कोणीतरी आडवं येतं तिथे पाय अडकवून काय करणार. घ्यायचीच असेल तर साध्या एसएच ५१ ऐवजी एसएच ५६ क्लीट लावा, त्यातून पाय अनेक दिशांनी सुटतो, आणि पेडलची पकड ३ मिमीच्या अॅलन कीने अगदी ढिली करून ठेवा.

साइझ संध्याकाळी बघा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. बायकांसाठी म्हणून ज्या स्पोर्ट सँडल येतात त्या आपल्या दुकानांत तरी बहुतेक पातळ सोलच्या, जांभळ्या-गुलाबी आणि अरुंद असतात, का ते देव जाणे. यूकेचा नंबर बायका-पुरुषांना एकच मोजमापाचा असतो, लांबी तीच, पुरुषांची फक्त रुंद. माझा पाच. पण पुरुषांच्या सँडल बऱ्याच ठिकाणी सहापासून सुरू होतात, म्हणून सहा घेऊन पट्टा आवळते, थंडीत आत मोजे घालायला जागा पण मिळते. सँडलमध्ये मोजे बघून पोरं हसतात. हसू देत, जानेवारीत सकाळी सातला नदीकाठाने या म्हणावं.

बजेटचं म्हणाल तर साधी चांगली फ्लोटर हजार-दीड हजारात मिळते आणि वरच्या सगळ्या परीक्षा पास झाली तर तीच घ्या, महागडीच्या मागे लागायचं कारण नाही. आणि पावसाळ्यात ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडी चप्पल ठेवा, ओल्या रबराने गुळगुळीत टाइल्सवर सर्रकन घसरायला होतं, विशेषतः लिफ्टसमोर जिथे सगळ्यांच्या छत्र्या ठिबकत असतात.