फोल्डरची मांडणी आणि विंडोचा आकार: विंडोज ११ की मॅकओएस?

संगणक घेताना प्रोसेसर, मेमरी आणि किंमत यांची तुलना सगळेच करतात. परंतु ज्यांचे दिवसभराचे काम फायली शोधणे आणि लावून ठेवणे हेच आहे, त्यांनी विंडोजचे फाइल एक्सप्लोरर आणि मॅकचे फाइंडर फोल्डरची मांडणी कशी लक्षात ठेवतात, हेही पाहून घ्यावे. या बाबतीत दोन्हींची पद्धत मुळातच वेगळी आहे.

विंडोज ११ फोल्डरची विभागणी प्रकारानुसार करते. सामान्य, दस्तऐवज, चित्रे, संगीत आणि व्हिडिओ असे साचे ठरलेले असून प्रत्येक फोल्डर त्यांपैकी एकात बसवला जातो. एका फोल्डरमध्ये ‘डिटेल्स’ मांडणी निवडली, नको असलेले स्तंभ काढले, नवी फाइल सर्वांत वर येईल असा क्रम लावला आणि फोल्डर ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’ टॅबवरील ‘अप्लाय टू फोल्डर्स’ हे बटण दाबले, की त्याच साच्यातील सर्व फोल्डरना ती मांडणी लागू होते. मात्र ती त्या साच्यापुरतीच लागू होते, आणि नेमकी हीच गोष्ट ध्यानात न आल्यामुळे ‘सेटिंग टिकत नाही’ अशी तक्रार केली जाते. छायाचित्रांचा फोल्डर मोठ्या आयकॉनमध्येच उघडत राहिला, तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कस्टमाइज’ टॅबवर जाऊन साचा बदलावा लागतो.

विंडोच्या आकाराबाबत विंडोज फारशी मुभा देत नाही. विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येक फोल्डरच्या विंडोचा आकार आणि जागा स्वतंत्रपणे लक्षात ठेवली जात असे; विंडोज ७ पासून ही सोय गेली. आता शेवटच्या बंद केलेल्या विंडोचा आकारच पुढच्या विंडोला मिळतो, मग फोल्डर कोणताही असो.

फाइंडर याच्या उलट वागते. मांडणी, आयकॉनच्या जागा आणि विंडोचा आकार यांची नोंद ते त्या त्या फोल्डरमध्येच ‘.डीएस_स्टोअर’ नावाच्या अदृश्य फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे एक फोल्डर अरुंद यादीच्या रूपात आणि दुसरा रुंद विंडोत मोठ्या आयकॉनसह उघडू शकतो. अर्थात, त्यासाठी फोल्डर स्वतःच्या विंडोत उघडायला हवा. एकाच विंडोत आत-आत जात राहिल्यास आकार तोच राहतो. कमांड आणि ‘जे’ दाबून उघडणाऱ्या पटलावर ‘यूज अ‍ॅज डिफॉल्ट्स’ हे बटण आहे खरे, पण ज्या फोल्डरची स्वतंत्र मांडणी आधीच नोंदली गेली आहे, तो तिला धरूनच राहतो. शेकडो जुने फोल्डर एकसारखे करायचे असतील, तर हे फारच कंटाळवाणे ठरते. शिवाय पेनड्राइव्हवरून दिलेल्या फोल्डरसोबत ही नोंदफाइलही विंडोजच्या संगणकावर पोहोचते आणि समोरच्याला ती काय आहे हे कळत नाही.

एक बारीक फरक मला महत्त्वाचा वाटतो. लांबलचक नाव स्तंभात मावत नसेल, तर फाइंडर ते मधून तोडते आणि एक्सप्लोरर शेवटून. नावाच्या शेवटी वर्ष किंवा अनुक्रमांक लिहिण्याची सवय असेल, तर एक्सप्लोररमध्ये नेमका तोच भाग झाकला जातो. त्यावर उपाय म्हणून स्तंभाच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘साइझ ऑल कॉलम्स टू फिट’ निवडावे.

विंडो शेजारी-शेजारी बसवण्यात विंडोज अजूनही पुढे आहे. विंडोज आणि ‘झेड’ या कळा दाबताच तयार रचना समोर येतात. मॅकमध्ये कडेला ओढून विंडो बसवण्याची अंगभूत सोय २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीत आली.

प्रत्येक अशिलासाठी एकसारखा फोल्डर ठेवणारे करसल्लागार, वकील किंवा शाळेचे कार्यालय यांच्यासाठी मी विंडोजच सुचवीन. मोजकेच प्रकल्प हाताळणाऱ्या आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी ठेवणाऱ्या छायाचित्रकाराला किंवा पुस्तकांच्या मांडणीकाराला फाइंडर अधिक सोयीचे पडेल. मात्र त्याच्या फायली छापखान्यातील विंडोज संगणकावर जाणार असतील, तर आयकॉनची ती नेटकी रचना तिथे दिसणार नाही. म्हणून फायलींचा क्रम त्याने नावाच्या सुरुवातीला अंक घालूनच पक्का करावा.