पंधरा महिन्यांनंतर: गरम होणारा लॅपटॉप, ३४ हजारांचा अंदाज आणि एक दडलेली सेटिंग

हा लॅपटॉप मी घेतला तो दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकांचे ध्वनिमुद्रण करण्याकरिता. प्रोसेसर इंटेलचा, बाराव्या पिढीचा, 'एच' मालिकेतला, १४ कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या १४ भागांचा आहे. बाकीचा तपशील सर्वत्र उपलब्ध असल्याने तो पुन्हा देत नाही. पहिल्या थंडीत मी ओळखीच्या तिघांना हाच घ्या म्हणून सांगितले होते. ती शिफारस मी एप्रिलमध्ये मागे घेतली आणि आता काही अटींवर पुन्हा करते आहे.

अकोल्यात एप्रिलच्या दुपारी खिडक्या लावून आणि छताचा पंखा बंद करून वाचायला बसावे लागते, कारण माइक पंख्याची घरघर टिपतो. त्या शांततेत लॅपटॉपचा पंखा अचानक वेग घेतो आणि वाक्याच्या मधोमध शिट्टीसारखा सूर मुद्रित होतो. खरे तर मुद्रणाचे काम अगदी हलके असते; पण पार्श्वभूमीला एखादे छोटे काम निघाले की टर्बो, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवणारी प्रोसेसरची सोय, एका कोअरला क्षणभर ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेतो, त्यासाठी व्होल्टेज वाढवतो, नखाएवढ्याही नसलेल्या त्या जागेचे तापमान झटक्यात ८५ अंशांवर जाते आणि पंखा त्या आकड्यामागे धावतो. दहा सेकंदांत सारे शांत होते, पण तेवढ्यात माझे वाक्य गेलेले असते. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी यांबद्दल माझी तक्रार नाही. माझी सगळी चीड या दहा सेकंदांवर आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चाळीस मिनिटांचे एक प्रकरण आवाज स्वच्छ करण्यासाठी लावले असताना लॅपटॉप थेट बंद पडला. शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. तरीही उष्णता बाहेर पडली नाही, तर सुरक्षेसाठी वीजच तोडली जाते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला, मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आणि ३४ हजारांचा अंदाज हाती दिला. वॉरंटी दोनच महिन्यांपूर्वी संपली होती. "आतून साफ केला का?" या माझ्या प्रश्नाला तिथे कोणीही सरळ उत्तर दिले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे गेले. त्याने माझ्यासमोर तळाचे झाकण काढले, पंखा उचलला आणि पंखा व उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये बसलेला धुळीचा, कापसाच्या वातीसारखा करडा थर चिमट्याने अखंड ओढून काढला. "बोर्डाले काही झालं नाही, ताई. हवाच कोंडली होती," तो म्हणाला. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांकडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून भेगाळली होती; ती खरवडून त्याने नवी लावली. सगळे मिळून ८०० रुपये झाले. त्याआधी घेतलेला १,२०० रुपयांचा कूलिंग पॅड मात्र वाया गेला, कारण जाळी आतून बुजलेली असताना खालून कितीही हवा मारली तरी ती पट्ट्यांपर्यंत पोचत नाही.

सफाईने बंद पडणे थांबले, शिट्टी थांबली नाही. तेव्हा विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' उघडून 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केले. हा एक टक्का कमी केल्यावर माझ्या लॅपटॉपवर टर्बो पूर्ण थांबतो. मुद्रण करताना तापमान साठीच्या घरात राहू लागले आणि पंखा जवळजवळ ऐकूच येईनासा झाला. हाच कायमचा उपाय असे मी त्या वेळी अनेकांना सांगितले. ते चुकीचे होते. आवाज स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर सगळे कोअर वापरते आणि जे प्रकरण ११ मिनिटांत होत असे त्याला १७ मिनिटे लागू लागली.

म्हणून आता दोन पॉवर प्लॅन ठेवले आहेत. वाचताना ९९ टक्के; स्वच्छ करताना टर्बो चालू, पण प्रोसेसरच्या एकूण विजेला ४० वॉटची मर्यादा. कागदावर याची मूळ मर्यादा ४५ वॉट आणि टर्बोची कमाल ११५ वॉट आहे. प्लगला लावलेल्या वॉटमीटरवर पूर्वी भर कामात ९५ वॉट दिसत, म्हणजे छताच्या साध्या पंख्यापेक्षाही जास्त. आता ६० दिसतात आणि तेच प्रकरण १३ मिनिटांत होते. दोन मिनिटे वाढली, पण वीज पाव हिश्शाने वाचली. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही ८० टक्क्यांवर आणले, तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी आपण सर्वांत महाग वीज जाळत असतो. दुपारी लाइट जाऊन सगळे इन्व्हर्टरवर आले की हे ३५ वॉट फार मोलाचे वाटतात.

वेग तोच ठेवून फक्त व्होल्टेज उतरवता आले असते तर आणखी बरे झाले असते. परंतु त्याच मार्गाने इंटेलच्या प्रोसेसरमधील गुप्त माहिती जपणारा सुरक्षित कप्पा फोडता येतो, हे संशोधकांनी डिसेंबर २०१९ मध्ये उघड केल्यानंतर अनेक लॅपटॉपांत ती सोय कुलूपबंद झाली. माझ्याही लॅपटॉपमध्ये ती बंद आहे.

मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की प्रोसेसरही तेवढाच वर चढतो. बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो कोणत्याही पंख्याने होणार नाही. म्हणून मेमध्ये मर्यादा ३० वॉट ठेवली आणि स्वच्छ करण्याचे काम रात्री लावले. दर सहा महिन्यांनी झाकण उघडून धूळ काढायची, असे त्या मुलाशी ठरवले आहे.

अटींवर शिफारस म्हणजे एवढेच, की हा लॅपटॉप घेणाऱ्याने या दोन मर्यादा पहिल्याच दिवशी घालाव्यात. एक उणीव मात्र राहिलीच आहे: लॅपटॉप झोपेतून उठला किंवा बायोसचे (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचे) अपडेट आले की ४० वॉटची मर्यादा कधी कधी नाहीशी होते, आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ती कायम ठेवण्याचा पर्यायच नाही. त्यामुळे प्रकरण लावण्यापूर्वी मी वॉटमीटर पाहते. आकडा ६० च्या पुढे गेला, की काम थांबवून मर्यादा पुन्हा घालते.