शिक्का 12.9 चा, पोलाद 8.8 चं: हेड बोल्टच्या खरेदीत झालेली फसवणूक

बोल्टच्या डोक्यावर 12.9 हा ताकदीचा ग्रेड ठोकलेला होता (आकडा जितका मोठा, तितका बोल्ट मजबूत), सोबत छापील टेस्ट सर्टिफिकेट होतं, जीएसटीचं पक्कं बिल होतं. पोलाद मात्र निघालं 8.8 च्या दर्जाचं. डिझेल गाडीचं बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, वाढवून घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकानं हे वाचावं, कारण ही फसवणूक खास आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवर बेतलेली आहे.

गाडी अडीच लिटरची टर्बो डिझेल, सिलिंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, 92 मिलिमीटर. ऑफ-रोडसाठी मोठा टर्बो बसवला, रिमॅप केला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, बूस्ट 2 बारच्या पुढे नेलं. इतक्या बूस्टला ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमध्ये 180 बारच्या आसपास दाब धरूनच हिशेब करावा लागतो. 92 च्या बोरवर त्याचा अर्थ असा, की एकेका सिलिंडरमागे हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, वर ढकलणारा जोर 12 टनांच्या घरात जातो. तो अडवायला असतात फक्त हेड बोल्ट. त्यांची पकड कमी पडली की हेड केसभर उचलतं, हेडखालच्या गॅस्केटची (सीलची) कडी जळते आणि ज्वलनाचा वायू पाण्याच्या वाटेत घुसतो. म्हणून आमच्या मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं, टर्बो बदलताय तर बोल्टही वरच्या ग्रेडचे घाला.

विक्रेता पुण्यातला, परफॉर्मन्स पार्टच्या धंद्यातला. त्यानं एम12 चा, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा, काळ्या फिनिशचा सेट दाखवला. मी ग्रेड विचारला, सर्टिफिकेट मागितलं, ते त्यानं त्याच संध्याकाळी पाठवलं. ‘अमेरिकन एआरपीसारखाच माल आहे, फक्त पेटी वेगळी,’ असंही म्हणाला. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. एआरपी या बोल्ट बनवणाऱ्या कंपनीचे एआरपी2000 धातूचे स्टड 2,20,000 पीएसआयच्या, म्हणजे जवळपास 1,500 मेगापास्कलच्या ताकदीचे असतात. 12.9 ची किमान ताकद 1,220. दोन्ही माल चांगले, पण ‘सारखेच’ नव्हेत. ज्याला हा फरक माहीत नाही किंवा जो तो लपवतो, त्याच्याकडे इंजिनाचा माल घेऊ नये.

बसवतानाच संशय यायला जागा होती. मिस्त्री टॉर्क पान्यानं टप्प्याटप्प्यानं आवळत गेले. शेवटच्या टप्प्यात तीन बोल्ट फिरत राहिले, पण पान्यावरचा आकडा वाढेना. त्यांनी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. उत्तर आलं, ‘हाय टेन्साइल आहे, ताणला जाणारच, कंपनीचे बोल्टही कोनात आवळतात तेव्हा ताणतातच की.’ यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. कंपनीचे बरेच हेड बोल्ट मुद्दाम ताणबिंदूपर्यंत, म्हणजे धातू कायमचा लांबायला लागतो तिथपर्यंत, नेण्यासाठीच बनवलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात किंवा लांबी मोजून मगच वापरायचे असतात. पण अस्सल 12.9 चा बोल्ट त्याला दिलेल्या टॉर्कला ताणबिंदूच्या आतच असतो, पान्याला तो शेवटपर्यंत वाढता जोर दाखवतो. आकडा मध्येच अडला याचा अर्थ धातूनं हात टेकले.

गावात गाडी उत्तम चालली. हेही या फसवणुकीच्या पथ्यावर पडतं, कारण कमी भारावर सिलिंडरमधला दाब इतका कमी असतो की कच्चा बोल्टही तो सहज सांभाळतो. आंबा घाटात सामान भरून, पूर्ण बूस्टवर चढताना रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीतून पाणी बाहेर आलं, रेडिएटरचा होज दगडासारखा कडक झाला. इंजिन गार झाल्यावरही होज कडकच, म्हणजे पाण्यात वायू भरलेला. हेड उतरवलं तर दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केट जळालेली. बोल्ट शेजारी शेजारी मांडले तेव्हा काहींची लांबी नुसत्या डोळ्यांनाही जास्त दिसत होती, आट्यांच्या लगत दांडा बारीक झाला होता.

विक्रेत्याचं म्हणणं तयारच होतं: बूस्ट जास्त ठेवलं, रिमॅप चुकीचा केला, बोल्टचा काय दोष? मॉडिफाय केलेल्या गाडीला कंपनीची वॉरंटी उरलेली नसते, प्रत्येकाचं ट्यूनिंग वेगळं असतं, त्यामुळे काहीही फुटलं तरी बोट गाडीवाल्याकडेच वळवता येतं. साध्या गाडीचा मालक शोरूममध्ये जाऊन भांडतो. आपण गप्प बसतो, कारण आपल्यालाही वाटतं, खरंच बूस्ट जास्त झालं असेल. माझं ठाम मत आहे की नकली ग्रेडचा माल विकणारे याच शंकेवर जगतात.

ही शंका संपवायला फार खर्च येत नाही. मी एक न ताणलेला बोल्ट आणि एक ताणलेला बोल्ट भोसरीतल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये दिला. बोल्ट आडवा कापून त्या तोंडावर रॉकवेल कडकपणा (एचआरसी) मोजतात. या जाडीत 8.8 ग्रेडला 22 ते 32 एचआरसी अपेक्षित असतो, 10.9 ला 32 ते 39, 12.9 ला 39 ते 44. माझे दोन्ही बोल्ट तिशीच्या आतच थांबले. आता हे आकडे भारात बघा. एम12 च्या नेहमीच्या 1.75 पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांना 12.9 चा प्रूफ लोड, म्हणजे बोल्टनं कायमचं न लांबता सोसायचा भार, 81.8 किलोन्यूटन, म्हणजे सव्वाआठ टन. 8.8 चा 48.9, म्हणजे पाच टन. दर बोल्टमागे सव्वातीन टन विकत घेतले आणि ते कधी आलेच नाहीत.

सर्टिफिकेटही मी सोडलं नाही. त्यावर ज्या लॅबचं नाव होतं तिथे रिपोर्ट नंबर सांगितला. तो नंबर खरा होता, पण वेगळ्याच मापाच्या बोल्टचा, वेगळ्याच ग्राहकासाठी केलेला. बाकी सगळं वरून टाइप केलेलं. नंतर निरखून पाहिलं तर सगळ्या नमुन्यांची ताकद एकच, अगदी 1,220 मेगापास्कल, म्हणजे किमान मर्यादेवर तंतोतंत. खऱ्या चाचणीत असं होत नाही, आकडे थोडे मागेपुढे येतातच. शिवाय सर्टिफिकेटवर हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) होता, पण पाकिटावर लॉट नंबर (बोल्टच्या खेपेचा क्रमांक) नव्हता, त्यामुळे कागद आणि माल यांचा संबंध जोडणारं काहीच नव्हतं. बोल्टच्या डोक्यावर फक्त 12.9, बनवणाऱ्याची खूण नाही. आयएस 1367 च्या भाग 3 प्रमाणे षटकोनी डोक्याच्या बोल्टवर ग्रेडबरोबर उत्पादकाची खूणही लागते. नुसता आकडा कोणीही डायनं ठोकू शकतो.

दुसऱ्या एका दुकानात मला पिवळ्या चकचकीत झिंक प्लेटिंगचे 12.9 दाखवले, ‘गंजणार नाहीत’ म्हणून. त्यांना हात लावू नका. इतक्या कडक पोलादात प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो, आणि प्लेटिंगनंतर लगेच 200 अंशांच्या आसपास काही तास बेक केलं नाही तर आवळलेला बोल्ट काही तासांनी, कधी काही दिवसांनी, काहीही न करता तुटतो. बेक केलंय की नाही हे बाहेरून दिसत नाही.

खरेदीच्या वेळी मी आता दोन गोष्टींवर अडून बसतो: पाकिटावरचा लॉट नंबर सर्टिफिकेटवर दिसला पाहिजे, आणि सेटच्या वर एक जादा बोल्ट त्याच लॉटमधला कापून तपासायला मिळाला पाहिजे, पैसे देऊन. टॉर्कचा आकडाही बोल्टवाल्याचाच, आणि त्यानं सांगितलेल्या वंगणासह. पान्याच्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात. वंगण बदललं की तोच आकडा बोल्टला भलत्याच ताणावर नेतो.

फसलाच असाल तर सगळे बोल्ट ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती परत देऊ नका. माझ्या विक्रेत्यानं पहिली मागणी तीच केली होती. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून लॅबला पाठवू शकतो, तेव्हा नमुना आपल्याजवळ असायला हवा. खरेदी पुण्यात झाली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. माझी तक्रार कोल्हापूरच्या आयोगात दाखल झाली आहे, लॅबचा रिपोर्ट, ताणलेले बोल्ट आणि ते बनावट सर्टिफिकेट सोबत जोडून.

नवा सेट घेताना तीन विक्रेत्यांकडे जादा बोल्ट कापायची अट घातली. दोघांनी ‘इतका संशय असेल तर घेऊ नका’ म्हणून फोन ठेवला. तिसऱ्यानं विचारलं, ‘कुठल्या लॅबला पाठवू?’ त्याचा बोल्ट 41 एचआरसी निघाला, आणि गाडीत आता तोच सेट आहे.